कवळीकाकांनी हात पुढे केला

“माझ्या हातची कवळी आणि शिट्टी वाजवेल? वाजली ना, तर त्याच दिवशी दुकानाची पाटी उतरवीन आणि भाजीची गाडी लावीन!”

कवळीकाका हे वाक्य चौतीस वर्षं स्वतःच्या दुकानात म्हणत आले होते. यंदा मात्र ते त्यांनी विमानात म्हटलं, विमानतळावर म्हटलं, सामान येईपर्यंत त्या गोल फिरणाऱ्या पट्ट्यापाशी उभं राहून दोनदा म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं असं नाही. चर्चच्या मंडळीतर्फे परदेशात सेवेला निघालेले सातही जण सोबत होते, पण ते सगळे आपापल्या बॅगा शोधण्यात दंग होते. काकूंनी तेवढं ऐकलं. त्या म्हणाल्या, “गाडी लावलीत तर मेथी मी निवडणार नाही. आत्ताच सांगते.”

काका मुळात दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेतात, काका साच्यावरून कवळी घडवतात. पण स्वतःच्या कामाबद्दल त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा एखाद्या शल्यविशारदालाही नसेल. सेवेच्या प्रमुख होत्या मंडळीतल्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी तिकडच्या एका छोट्या चर्चशी पत्रव्यवहार केला होता. त्या भागात दात पडलेले म्हातारे पुष्कळ आणि कवळ्या करणारं कुणी नाही. तेव्हा तीन आठवडे राहायचं, जमतील तेवढ्या कवळ्या बसवायच्या, शेवटच्या रविवारी तिथल्या मंडळीबरोबर उपासना करायची आणि सोमवारी सकाळी परत निघायचं, असा बेत होता.

चर्चच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. शाळेची दोन बाकडी, एक गळका नळ, एक खिडकी आणि भिंतीवर एक आरसा, तोही इतका उंच की बुटक्या माणसाला स्वतःचं फक्त कपाळ दिसायचं. पहिल्या दोन दिवसांतच सगळ्यांच्या भुवयांवर प्लास्टरची भुकटी बसली.

अडचण एकच होती, भाषेची! तिथली भाषा काकांना ओ की ठो कळत नव्हती. सबंध गावात मराठी येणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे नर्सताई. त्या तरुणपणी आपल्याकडच्या मिशन हॉस्पिटलात अकरा वर्षं नोकरी करून आल्या होत्या आणि अजून स्वच्छ मराठी बोलत. पण त्यांना डॉक्टरीणबाईंनी मापं घेण्याच्या टेबलाशी बसवून टाकलं. काकांच्या वाट्याला खुणाच आल्या.

मग काकांनी स्वतःची शाळाच काढली. तोंडाकडे बोट दाखवलं की कवळी घालायची. भुवया उंच केल्या की बोलून दाखवायचं. आणि काकांनी उजवा तळहात पुढे केला की कवळी काढून मुकाट्याने त्यावर ठेवायची. मग काका ती कानशीने घासत, पुन्हा देत, पुन्हा तळहात पुढे करत. एकेका म्हाताऱ्याला असं वीस-वीस वेळा. आठवड्याभरात गाव इतकं तरबेज झालं की काकांचा हात खिशातून बाहेर निघाला तरी समोरच्याचा हात तोंडाकडे जाई.

बोलून दाखवायला काय लावायचं? तर चौतीस वर्षांचा जुना ठेवा: “सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट!” या आकड्यांत कवळी ढिली असेल तर हवा सुटते आणि शिट्टी वाजते, असा काकांचा सिद्धान्त होता. तिथल्या लोकांना वाटलं ही काहीतरी पवित्र वचनं असावीत. ते डोळे मिटून म्हणत. नंतर तर रस्त्यात काका दिसले की फळवालीसुद्धा टोपली खाली ठेवून, मान लववून म्हणू लागली, “सहासष्ट!” काकाही मान लववून म्हणत, “सदुसष्ट!”

तीन आठवड्यांत एकतीस कवळ्या झाल्या. त्यातल्या शेवटच्या दोन विशेष होत्या. एकतिसावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या पोस्टमन आजोबांची. आणि तिसावी खुद्द तिथल्या वृद्ध पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची.

पाळकांची गोष्ट मनाला लागण्यासारखी होती. तीन महिन्यांपूर्वी पायऱ्यांवर पडून त्यांची जुनी कवळी फुटली. तेव्हापासून ते व्यासपीठावर चढलेच नव्हते. बोळक्या तोंडाने मंडळीसमोर उभं राहायची त्यांना लाज वाटे. मागच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून बसत आणि रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, कुणीतरी वाचून दाखवी. त्यांनी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींना कळवून टाकलं होतं, या रविवारी उभा राहिलो तर राहिलो, नाही तर सेवेतून निवृत्ती घेतली असं समजा. हे नर्सताईंनी काकांना सांगितलं तेव्हा काकांनी हातातली कानस खाली ठेवली.

“ताई, त्यांना सांगा,” काका म्हणाले, “रविवारी ते सिंहासारखे बोलतील. आणि शिट्टी वाजली तर—”

“भाजीची गाडी,” काकू म्हणाल्या.

शेवटच्या दोन कवळ्या शनिवारी संध्याकाळी तयार झाल्या. आता फक्त रविवारी सकाळी उपासनेआधी दोघांच्या तोंडात बसवायच्या, सहासष्ट म्हणून घ्यायचं आणि झालं! आणि नेमका रविवारी सकाळीच काकांच्या सुटाच्या पँटचा हूक तुटला. सुई मिळाली तर दोरा मिळेना, दोरा मिळाला तर तो पिवळा! काका पाहुण्यांच्या खोलीत टॉवेल गुंडाळून येरझाऱ्या घालत होते. शेवटी काकूंनी सेफ्टी पिन हातात ठेवली, म्हणाल्या, “तुम्ही या मागून. कवळ्यांच्या डब्या मी नेऊन देते.” आणि निघूनही गेल्या.

काका धापा टाकत चर्चमध्ये पोचले तेव्हा पहिलं गीत सुरू झालं होतं. ते काकूंशेजारी बाकावर घुसले.

“दिल्यास?”

“दिल्या.”

“कुठली डबी कुणाला?”

“टेबलावर ठेवल्या. दोघांनी आपापली उचलली.”

“आपापली? अगं, पण डब्यांवर नावं नव्हती!”

“मग काय झालं? माणसाला स्वतःचे दात ओळखू येणार नाहीत होय?”

“नवे आहेत ते! कालपर्यंत माझ्या टेबलावर होते! त्यांना कसे ओळखू येणार?”

“श्शू! प्रार्थना चाललीय.”

प्रार्थनेत काकांचं मन लागतंय कुठलं! त्यांनी एक डोळा उघडून ऑर्गनकडे पाहिलं. पोस्टमन आजोबा गालातल्या गालात जीभ फिरवत होते. नवी कवळी बसली की सगळेच तसं करतात. पण काकांना वाटलं, संपलं! पाळकांची कवळी याच्या तोंडात आहे! त्यांनी पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. बाक करकरला. पुढची बाई वळून पाहू लागली.

मग वृद्ध पाळक स्वागतासाठी उभे राहिले. संदेश नंतर होता, आत्ता दोनच वाक्यं. चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पाळकांनी तोंड उघडलं आणि काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शिट्टी! साधीसुधी नव्हे, प्रेशर कुकरसारखी! दर दुसऱ्या शब्दाला स्स्स, श्श्श, मध्येच एक लांबलचक स्सूंय! काकांनी चौतीस वर्षांत एका तोंडातून एवढ्या शिट्ट्या ऐकल्या नव्हत्या. पाळकांनी खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला आणि ते तसेच खाली बसले.

“गेलं!” काका कुजबुजले. “ऐकलंस? कवळ्या बदलल्यात! लाजून रुमाल लावला बघ बिचाऱ्याने!”

“भरून आलं असेल त्यांना. तीन महिन्यांनी उभे राहिले,” काकू म्हणाल्या.

“भरून कसलं येतंय! हवा सुटतेय हवा! आता संदेश द्यायला ते उठायचेच नाहीत. उद्या आपण गेलो की संपलं. निवृत्ती! माझ्यामुळे!”

“अहो, शांत बसा.”

पण काकांना बसवेना. कोटाचं बटण उघडून झालं, लावून झालं. गीतांचं पुस्तक उलटं धरून त्यांनी दुसरं गीत म्हटलं. बाकाखालून वाकून पळत वेदीपर्यंत जाता येईल का, याचा अंदाज घेतला. दोन बाक पलीकडे बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका ताठ झाले. आणि तेवढ्यात देवच धावून आला! उपासनेतल्या रीतीप्रमाणे सगळी मंडळी उठली, बाकांमधून बाहेर पडली आणि एकमेकांचे हात हातात घेऊन अभिवादन करू लागली.

“हीच वेळ!” काका म्हणाले.

बेत साधा होता. गर्दीतून ऑर्गनपाशी जायचं, पोस्टमन आजोबांची कवळी काढून घ्यायची, पाळकांची काढून घ्यायची, अदलाबदल करायची. एका मिनिटाचं काम, कुणाला पत्ताही लागणार नाही!

काका मधल्या वाटेत आले. समोर पांढरा स्कार्फ बांधलेली एक आजीबाई उभी होती, त्यांच्याच हातची सातवी कवळी. सभ्यपणा म्हणून काकांनी हसून उजवा हात पुढे केला.

आजीबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग क्षणाचाही विलंब न लावता दोन बोटं तोंडात घातली आणि वरची-खालची दोन्ही काढून काकांच्या तळहातावर ठेवली. वर बोळकं हसल्याही!

“अहो, नाही! आज नाही! घाला, घाला परत!” काका मराठीत ओरडले. आजीबाईंनी आनंदाने मान डोलावली आणि त्या पुढे सरकल्या. त्यांच्या मागे बारावी कवळी, सुतारकाम करणारे एक धिप्पाड आजोबा. त्यांनी पाहिलं की काकांच्या हातात कवळी आहे, म्हणजे तपासणी चालू आहे. उद्या हे लोक जाणार, शेवटची तपासणी असणारच! त्यांनीही काढून ठेवली. काकांनी घाबरून ती डाव्या खिशात कोंबली आणि “नको, नको” म्हणत हात हलवला. पण हात हलवला म्हणजे तो पुढेच आला! तिसऱ्या बाईंनी ठेवली. चौथ्यांनी ठेवली. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी तशीच ओली. काका हात मागे नेत, तर मागे उभ्या असलेल्या माणसाला वाटे आपला नंबर लागला!

ऑर्गनपाशी पोचेपर्यंत कोटाचे दोन्ही खिसे फुगले होते आणि चालताना त्यातून कटकट आवाज येत होता. पोस्टमन आजोबांनी तर हात पुढे करायचीही वाट पाहिली नाही. ते कवळी हातात घेऊनच तयार होते. तीही खिशात गेली. आणि त्यांच्या शेजारी, हसऱ्या चेहऱ्याने, मंडळीला भेटायला खाली उतरलेले वृद्ध पाळक उभे होते.

काकांनी हात पुढे केला. पाळकांचा चेहरा क्षणभर पडला. पण तीन आठवड्यांची सवय! त्यांनी पाठ वळवली, कवळी काढली आणि हळूच काकांच्या मुठीत दिली.

“एक मिनिट! आत्ता देतो!” काका म्हणाले आणि त्यांनी डावा हात खिशात घातला. खिशात पोस्टमन आजोबांची एकटी होती थोडीच! तिथे अकरा जणांचे दात एकमेकांत अडकून बसले होते. एक खेचली तर तीन कवळ्यांची साखळी बाहेर आली. चष्मा घरी राहिलेला नव्हता, पण तो आतल्या खिशात आणि आतल्या खिशातही कुणाची तरी खालची!

तेवढ्यात अभिवादन संपलं. सगळे जागेवर बसले. मधल्या वाटेत एकटे काका उभे राहिले, घामाने डबडबलेले. आणि पाळक? पाळक व्यासपीठाच्या पायरीशी उभे राहून एकदा वर बघत होते, एकदा रुमालाकडे.

काका जवळच्या बाकावर आदळले. तिथे नेमक्या नर्सताई होत्या.

“काका, काय करताय हे? पाळकांचे दात कुठेत?”

“बदललेत ताई! एकमेकांचे घातलेत दोघांनी! शिट्टी ऐकली नाहीत? हे बघा, मी प्रत्येक कवळीच्या आत नंबर कोरतो. पाळकांचा तीस. आणि ही बघा, त्यांच्या तोंडातून निघालेली, ही एकतीस असणार!” काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि उजवी मूठ उघडली.

तीस! अगदी त्यांच्याच हातचं वळण, तीनवर शून्य. पाळकांची कवळी पाळकांच्याच तोंडात होती!

“मग शिट्टी कशाची?” काकांचा आवाज चिरकला.

“कसली शिट्टी? आमची भाषाच तशी आहे, काका! तीन आठवडे ऐकताय ना?”

तीन आठवडे त्यांनी ऐकलं होतं, पण कुणाचं? मागच्या खोलीत येणाऱ्या बोळक्या तोंडांचं! सगळे फफ आणि थथ करत बोलायचे. दात आले की काका त्यांच्याकडून मराठी आकडे म्हणवून घ्यायचे आणि घरी पाठवायचे. दात असलेल्या माणसाच्या तोंडून ती भाषा काकांनी आज पहिल्यांदा कान देऊन ऐकली होती!

काका उठले आणि पळत सुटले. सेफ्टी पिन निसटली. एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने पाळकांची कवळी उंच धरून ते व्यासपीठापाशी पोचले. “घ्या! तुमचीच आहे! माझं चुकलं! पाया पडतो, घाला आणि बोला!”

पाळकांनी हात पुढे केला खरा, पण तो अर्ध्यावरच थांबला. ते काकांच्या खांद्यावरून मंडळीकडे पाहत होते. पहिल्या बाकावर स्कार्फवाल्या आजीबाई, बोळक्या. त्यांच्याशेजारी धिप्पाड सुतार, बोळके. मागे तीन बायका, बोळक्या. ऑर्गनवर पोस्टमन आजोबा, बोळके. सगळे त्यांच्याकडे बघून मनापासून हसत होते.

पाळकांचे डोळे भरले. त्यांनी काकांची मूठ हळूच बंद केली, ती काकांच्याच छातीशी टेकवली आणि मान हलवली. मग रुमाल खिशात ठेवला आणि तसेच, बोळक्या तोंडाने, पायऱ्या चढून वर गेले.

“काय म्हणतायत?” पाळक बोलू लागले तसं काकांनी बाकाशी परत येऊन नर्सताईंना विचारलं.

नर्सताई डोळे पुसत सांगू लागल्या. “म्हणतायत, तीन महिने मी तुमच्यापासून तोंड लपवलं. मला वाटलं तुम्ही हसाल. आणि आज मला एकटं वाटू नये म्हणून माझ्या भावाबहिणींनी आपले नवेकोरे दात काढून त्या पाहुण्याच्या हाती दिले. आता मला कशाची लाज?”

चर्चभर हुंदके उठले. पोस्टमन आजोबांनी तर ऑर्गनवरच डोकं टेकलं आणि त्यातून एक मोठा सूर निघाला. ज्यांनी तपासणी समजून कवळ्या दिल्या होत्या, त्यांनाही आता आपण त्यासाठीच दिल्या असं वाटू लागलं. आजीबाई शेजारणीचा हात धरून रडत होत्या. काकांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाईंनी मागून कोट ओढून त्यांना खाली बसवलं आणि कानात म्हणाल्या, “काका, एक शब्द बोललात तर बघा.”

पाळक बारा मिनिटं बोलले. शब्द कुठलाच धड नव्हता आणि सगळ्यांना सगळा कळला. काकांनाही कळलं की म्हातारा आता निवृत्त होत नाही. त्यांनी दोन्ही खिशांवर हात ठेवले आणि लहान मुलासारखे ते रडले. शेजारी येऊन बसलेल्या काकूंनी पदर पुढे केला, वर म्हणाल्या, “पँट धरा आधी.”

उपासनेनंतर काकांनी मागच्या खोलीत बसून सगळ्यांच्या कवळ्या नंबर बघून धुऊन परत केल्या. एकही चुकली नाही! ते बाहेर आले तर दाराशी वडीलमंडळी उभी. त्यांनी काकांचे हात धरले, गळाभेट घेतली, बराच वेळ काहीतरी सांगितलं.

“काय म्हणतायत?” काकांनी विचारलं.

नर्सताई जरा घुटमळल्या. “आत्ताच सभा झाली. एकमताने ठराव केलाय.”

ठराव काय होता, ते काकांनी विमानात कुणाला सांगितलं नाही, घरी आल्यावरही नाही. पुढच्या रविवारी आपल्या मंडळीत सेवेचा अहवाल वाचायची वेळ आली. काका ऐटीत उभे राहिले. एकतीस कवळ्या, एकही ढिली नाही, एकही परत आली नाही, असं त्यांनी वाचलं. टाळ्या पडल्या. काका बसणार तोच आपल्या पाळकसाहेबांनी कौतुकाने विचारलं, “वा, काका! मग आता सगळे रोज कवळी वापरतात ना?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं.

“वापरतात की,” काका म्हणाले. “सोमवार ते शनिवार.”